जेवल्याशिवाय प्रस्ताव नाही

आमच्या नानांनी दिल्लीहून आलेलं पत्र कधी बसून वाचलं नाही. ऑफिसात केंद्र सरकारची ईमेल आली की आधी तिची प्रिंट काढायला लावायचे. मग खुर्ची मागे सरकवायची, टेबलाखालच्या चपला पायात घालायच्या, चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसायचा आणि उभ्याने, खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात. पत्र इंग्रजी, पण चाल कीर्तनकाराची. एकेक परिच्छेद संपला की थांबून निरूपण व्हायचं, "वरचे काय म्हनी ऱ्हायनात, समजनं का? पैसा देतस, पन पहिले मानसं दखाडा."

आमचे साहेब नवीन आले तेव्हा त्यांना वाटलं, कोणी आंदोलक घुसलाय. ते केबिनमधून धावत बाहेर आले. नानांनी वाचन न थांबवता त्यांना हातानेच बसायची खूण केली. साहेब बसलेसुद्धा.

धुळ्याच्या त्या ऑफिसात नाना वरिष्ठ लिपिक होते. खेड्यापाड्यांचे रस्ते आणि नाल्यांवरचे पूल केंद्राच्या पैशातून व्हावेत म्हणून जे प्रस्ताव जायचे, ते सगळे त्यांच्या हातून जायचे. त्यांचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं, तर हा मजकूर घेऊन ते देवपूरहून रिक्षाने माझ्या घरी येतील आणि लाल पेनाने शुद्धलेखन तपासतील. आता निवृत्त झालेत, वेळच वेळ आहे त्यांना.

मी तिथे कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "कुठली?"

"जळगाव. पिंप्राळा."

"बरं. भरीत करता येतं का?"

"नाही येत."

"अरे बापरे," नाना म्हणाले आणि खरोखर खेद झाल्यासारखे खिडकीबाहेर बघत बसले. "जयगावनी पोर आनि भरीत येत नही. आते पूल कसा बांधशी वं माय तू?"

मला अस्सा राग आला! पदवीला पहिल्या वर्गात आले होते मी. पुढचे आठ दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंही बोलले नाही. त्यांना ते कळलंच नाही, कारण ते रोज माझ्या डब्यात हात घालून "आज काय शे?" विचारायचे आणि पोळीचा एक तुकडा मोडून घ्यायचे.

जेवण ही नानांची मोठी भानगड होती. ज्या गावाचा प्रस्ताव लिहायचा, त्या गावात एकदा जेवल्याशिवाय ते लेखणी उचलायचे नाहीत. लिपिकाला दौरा नसतो, त्याने टेबलाशी बसून लिहायचं असतं. नानांना हे शंभरदा सांगून झालं होतं. त्यांचं उत्तर ठरलेलं, "दौरा कोठे शे? मी जेवाले जास." शनिवारी सकाळी मोपेडला पिशवी अडकवायची, पिशवीत गूळ, चहापत्ती, तूरडाळ, आणि निघायचं. फुकटचं कोणाचं खायचे नाहीत. चुलीपाशी पाट मागून घ्यायचे, भाकरी होईपर्यंत बाईशी गप्पा मारायचे, आणि तेवढ्यात त्यांना सगळं कळलेलं असायचं. पाणी कुठून आणता, पावसाळ्यात नाला किती दिवस अडवतो, पोरं शाळेत कोणत्या महिन्यापर्यंत जातात, दुखणाईत माणूस कसा उतरवता. सोमवारी ते प्रस्ताव लिहायला बसले की आमच्या तक्त्यांपेक्षा त्यांच्या ओळी बोलक्या असत.

"दार नको मोजू माय, चूल मोज," हे त्यांनी मला सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. मान डोलवायला काय लागतं!

केंद्राच्या योजनेची मार्गदर्शक पुस्तिका त्यांनी लाल कापडात बांधून ठेवली होती. रोज सकाळी पंख्याखाली बसून तिचं एक पान वाचायचे. कोणत्या कलमात डोंगरी भागाला सवलत आहे आणि कोणत्या तळटीपेत ती काढून घेतली आहे, सगळं तोंडपाठ. दिल्लीला फोन लागला की तोही उभ्यानेच. आणि हिंदी तर काय वर्णावी! "साब, हमारे उधर का रस्ता इतना वंगाळ है, के म्हैस भी इचार करके पाय रखती है." पलीकडचा माणूस हसायचा. नाना हसायचे नाहीत. ते त्याला म्हशीची आणखी माहिती द्यायचे.

एका शब्दावर मात्र त्यांचा पारा चढायचा. छापील नमुन्यात 'मागास भाग' असं असायचं. एका तरुण सहकाऱ्याने एकदा सहज म्हटलं, "नाना, तुमच्या मागास पाड्यांचं काय झालं?"

"तुले किती भाषा येतस रे?" नानांनी विचारलं.

"मराठी, हिंदी... थोडी इंग्रजी."

"त्या पाड्यावरची म्हातारी घरात आदिवासींची कोकणी बोलते, माझ्याशी अहिराणी, ऊसवाल्याशी गुजराती आणि कंडक्टरशी हिंदी. आता सांग, मागास कोण?" त्यानंतर तो बिचारा आठवडाभर नानांच्या टेबलाला वळसा घालून जात होता.

ती म्हातारी म्हणजे अक्का. साक्री तालुक्याच्या पार पश्चिमेला, जंगलाच्या कडेला तिचा पाडा. खाली नाला, नाल्याच्या अलीकडे डांबरी रस्ता संपतो, पलीकडे तासाभराची चढण. अक्का भगर आणि नागली पिकवायची, डोक्यावर पाटी घेऊन ती चढण उतरायची आणि आठवडे बाजारात बसायची. संध्याकाळ झाली की व्यापारी तिच्या पाटीकडे बघून आपसात हसायचे. त्यांना माहीत असायचं, ही म्हातारी एवढं ओझं परत वर नेणार नाही. मग पडेल त्या भावात देऊन मोकळी. नाला ओलांडून पाड्यापर्यंत गाडी गेली असती, तर ती म्हणाली असती, "नाही देत जा!" नाना तिच्या चुलीशी तीनदा जेवले होते. त्या पाड्याचा रस्ता हा त्यांचा निवृत्तीआधीचा शेवटचा हट्ट होता.

आणि तो मी घालवला.

झालं असं. दिल्लीचा नियम साधा होता. डोंगरातल्या वस्तीत ठरावीक माणसं राहत असतील, तर रस्ता आणि पूल. एक जरी कमी भरला, तरी फाइल परत. नेमकं मोजणीच्या वेळी नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. "मी येस तोपर्यंत थांब," असं ते म्हणाले होते. पण साहेबांना घाई आणि मला हुशारी दाखवायची खाज. जानेवारीत एके दिवशी मी जीपने नाल्यापर्यंत गेले, चढण चढले आणि मोजायला लागले. निम्म्याहून जास्त झोपड्या बंद. दारांवर आडवी बोराटीची काटेरी फांदी लावलेली. अक्काही नव्हती. मी प्रत्येक बंद दारापुढे नीट अक्षरात लिहिलं, 'वास्तव्य नाही'. तक्ता इतका सुबक झाला होता, की मी त्याचा फोटो काढून आईला पाठवला.

फाइल परत आली. 'लोकसंख्या अपुरी.'

नाना त्याच दिवशी काळा चष्मा लावून कामावर आले होते. नेहमीसारखे उठले, चपला घातल्या, दोनच ओळी वाचल्या आणि कागद खाली केला. "कवय गयथीस तू?" त्यांनी विचारलं.

"जानेवारीत, नाना."

ते खुर्चीत बसले. दिल्लीचं पत्र हातात असताना मी त्यांना पहिल्यांदाच बसलेलं पाहिलं.

"दिवाळी झायी की पाडा गुजरातमा ऊस तोडाले जास," ते हळू आवाजात म्हणाले. "होळीले परत येस. दारवर काटा व्हता ना?"

"हो."

"तेच त्यासनं कुलूप शे, माय. मानूस कायमना निंघी गया ऱ्हाता, तं काटा कसाले लावता? काटा शे म्हंजे तो येनार शे."

मला रागवले असते तर बरं झालं असतं. शप्पत सांगते, मला दोन दिवस अन्न गेलं नाही. जगातल्या कोणत्याही इंजिनिअरने बघितला नसेल असा पुरावा मी डोळ्यांनी बघितला होता आणि उलटा लिहिला होता. जे दार ओरडून सांगत होतं की इथे माणूस राहतो, त्याच्यापुढेच मी 'नाही' लिहिलं होतं.

तो तरुण सहकारी म्हणाला, "एवढं काय त्यात? थोडी नावं वाढवून पुन्हा पाठवा. कोण बघायला येतंय जंगलात?"

नाना त्याच्यावर ओरडले नाहीत. पुस्तिकेचं लाल कापड सोडता सोडता म्हणाले, "एक खोटा मानूस लिहिला, की उद्या सगळ्या खऱ्यांना आपण खरे आहोत हे सिद्ध करत बसावं लागतं." मग त्यांनी फेरतपासणीचं कलम काढलं. दिल्लीने नेमलेला निरीक्षक स्वतः येऊन मोजेल, तर फाइल पुन्हा उघडता येते. पण यादी मार्चअखेर बंद होणार होती, आणि पुढची यादी कधी निघेल हे देवालाच ठाऊक. पाडा भरलेला सापडणार होता एकाच वेळी, होळीला.

फोन लागला. नाना उभे राहिले. "साब, धुलंडी के दिन आना पडेगा. हाँ, छुट्टी है. मेरे को मालूम है छुट्टी है. पन पाडा तभीच भरता है, साब." पलीकडून बराच वेळ काहीतरी नकारार्थी ऐकू येत होतं. नाना शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "साब, नागली की भाकर कभी खाये क्या?"

निरीक्षक आले. दुसऱ्या राज्यातले निवृत्त अभियंते, सडपातळ, मितभाषी, हातात थर्मास. धुळवडीच्या सकाळी आणि पांढराशुभ्र शर्ट घालून! नाल्यापर्यंत शर्ट टिकला. पाड्यावर पहिलं पाऊल टाकलं, तोच चार पोरींनी पळसाच्या फुलांचं केशरी पाणी त्यांच्यावर ओतलं. ते एक क्षण थांबले, शर्टाकडे बघितलं आणि असे हसले, की माझ्या छातीवरचा दगड निम्मा हलका झाला.

काय तो पाडा होता त्या दिवशी! जानेवारीत मी जिथे फक्त कोंबड्या बघितल्या होत्या, तिथे माणूसच माणूस. सुरतेहून आणलेले नवे शर्ट, ढोल, प्रत्येक दारातून धूर. काट्याच्या फांद्या कुंपणाला टेकवून ठेवलेल्या. नानांनी आंब्याखाली टेबल मांडलं. एकदा मोजलेला माणूस दुसऱ्यांदा रांगेत येऊ नये म्हणून काय करायचं? गुलाल लावून उपयोग नव्हता, सगळेच रंगलेले. तर नानांनी पिशवीतून ऑफिसचा 'आवक' असा गोल शिक्का काढला आणि प्रत्येकाच्या तळहातावर ठोकायला सुरुवात केली. रेशनकार्ड बघायचं, चूल विचारायची, आकडा मोठ्याने म्हणायचा, शिक्का! पोरांना तो इतका आवडला, की धुऊन परत यायला लागली. नाना त्यांचे तळवे नाकाशी धरून वास घ्यायचे आणि "साबण लावलास, चोरा!" म्हणून हाकलायचे.

"ये क्या लगा रहे हो?" निरीक्षकांनी विचारलं.

"इनवर्ड, साब."

निरीक्षकांनी आपला तळहात पुढे केला. नानांनी त्यांना शिक्का दिला, पण आकड्यात धरलं नाही. कलमात बसत नव्हते.

रांग संपली. तीन माणसं कमी.

मी यादी पुन्हा मोजली, तेवढीच भरली. नानांनी मात्र अक्काकडे बघितलं. अक्काने मान दुसरीकडे वळवली. "तुन्हा जवाई कोठे शे?" नानांनी विचारलं.

तर भानगड अशी, की अक्काची मुलगी, घरजावई आणि त्यांची तीन लेकरं त्याच पाड्यावर राहायची. पण मागच्या उत्सवात जावई ढोल वाजवत होता, आणि अक्का सगळ्यांदेखत म्हणाली, "हाऊ डबा वाजाडस!" जावयाने ढोल उचलला, बायकापोरं घेतली आणि टेकडीपलीकडे भावाकडे जाऊन बसला. कार्ड इथे, घर इथे, शेत इथे. फक्त माणूस रुसलेला.

"तो मन्हा घर येनार नही," अक्का म्हणाली. "आनि मी बलावनार नही."

"रस्ता?"

"ऱ्हाऊ दे रस्ता."

दिल्ली, मुंबई, धुळे एवढी मोठी गाडी एका ढोलावर येऊन अडली होती. नाना आणि मी टेकडी चढून पलीकडे गेलो. जावई खाटेवर बसलेला, ढोल शेजारी. "ती सोता बलाई, तवयच येसू," तो म्हणाला. नानांनी त्याला रस्त्याबद्दल चकार शब्द सांगितला नाही. ढोल मागून घेतला, मांडीवर ठेवला आणि इतका भयानक वाजवला, की शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली. जावयाला बघवेना. "ओ नाना, असा नही!" म्हणत त्याने ढोल ओढून घेतला आणि वाजवू लागला. "तिकडे चाल आनि हेच वाजाड," नाना म्हणाले. "तू तिन्हासंगे बोलू नको. वाजाडत चाल."

तो वाजवत निघाला. मागे बायको, तीन लेकरं, मग नाना, मग धापा टाकत मी. पाड्याच्या तोंडाशी आल्यावर जावई थांबला. थाप थांबली. अक्का दारात कमरेवर हात ठेवून उभी. निरीक्षकांनी थर्मासचं झाकण हातात तसंच धरून ठेवलं होतं.

"थांबना कसाले?" अक्का खेकसली. "वाजाड!"

पाच शिक्के. दोन माणसं जास्त! सगळा पाडा नाचायला लागला, आणि नानाही नाचले, टाचांवर, डोळ्याला काळा चष्मा लावून.

मग निरीक्षकांनी माझा जानेवारीचा तक्ता बाहेर काढला. "ये किसने गिना था?"

नाना म्हणाले, "साब, ऑफिस से हुआ था." ते मला वाचवत होते. मी अजून नोकरीत कायम झाले नव्हते. पण दोन माणसं जास्त भरली होती आणि समोर सगळी खरी माणसं उभी होती. "मैंने," मी म्हणाले. "मैंने गलत गिना. दरवाज़े पर काँटा था, तो मैंने लिखा कोई नहीं रहता."

निरीक्षकांनी ते लिहून घेतलं. अक्काला हिंदी कळत होतीच. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि आत चुलीकडे गेली. तिच्या हातची भाकरी सगळ्यांनी खाल्ली, मीही खाल्ली, पण तिने मला वाढताना वर बघितलं नाही. लेखी खुलाशाची नोटीस पुढे आली, तिचंही मला तेवढं लागलं नाही.

खुलासा नानांनीच सांगितला. मी दोन पानं खरडली होती. त्यांनी ती फाडली आणि एवढंच लिहायला लावलं: 'दारे मोजली, चुली मोजल्या नाहीत. पुन्हा असे होणार नाही.' साहेबांनी वाचलं, हसले आणि प्रकरण मिटलं.

मंजुरी आली, तेव्हा नाना निवृत्त होऊन दोन महिने झाले होते. मी प्रिंट घेऊन देवपूरला गेले. ते ओट्यावर लसूण सोलत बसले होते. कागद हातात देताच उठले, "माझ्या चपला!" म्हणून घरात ओरडले, आणि भर गल्लीत उभ्याने वाचन झालं. समोरच्या वकीलकाकू गच्चीत आल्या. रिक्षावाला थांबला. शेवटच्या ओळीला नानांचा आवाज फुटला. त्यांनी लसणाच्या हाताने डोळे पुसले, मग तर विचारूच नका, अर्धा तास डोळ्यांवर पाण्याचे हबके मारणं चाललं होतं.

रस्ता झाला, पूल झाला. काम दुसऱ्या अभियंत्याकडे होतं, याचा मला आनंदच वाटला. मी पाड्यावर जायचं टाळत होते. अक्काची ती नजर मला नको होती. पण त्यानंतरच्या होळीला नाना माझ्या दारात उभे. "चाल, जेवाले जानं शे."

"मी नाही येत, नाना."

"तुले कोन इचारी ऱ्हायनं?"

नव्या रस्त्याने गाडी थेट पाड्यापर्यंत गेली. तिथे बघते तर काय, आंब्याखाली रांग लागलेली! त्या मोजणीची त्यांना चटकच लागली होती. कोणी निरीक्षक नाही, यादी नाही, फाइल नाही. तरी धुळवडीला सगळा पाडा उभा राहतो आणि मोजून घेतो. नाना टेबलाशी बसले आणि आकडे म्हणायला लागले. मी गाडीला टेकून लांब उभी होते.

अक्का रांगेतून बाहेर आली. सरळ माझ्याकडे चालत आली आणि माझं मनगट धरलं. मी म्हटलं, "अक्का, त्या वेळी माझं चुकलं." तिने ऐकलंच नाही. मला ओढत नेलं आणि रांगेत आपल्या पुढे उभं केलं.

"हिले बी मोजा," ती नानांना म्हणाली. "हाई आम्हले मोजाले भुलनी. आम्ही हिले कसं भुलसूत?"

नानांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मागचा आकडा होता, त्याच्या पुढचा खणखणीत म्हटला आणि अक्काकडे वळले. मी पहिल्या वर्गात पास झालेली इंजिनीअर, तिथे सगळ्यांसमोर भोकाड पसरून रडले.